मीठ, चवीनुसार

९ फेब्रुवारी, रविवार

ही वही मी कामाला आहे त्या शिक्क्यांच्या दुकानातली आहे. शिक्क्यांचे नमुने उमटवून बघायला मालक अशा वह्या आणतात. पहिल्या तीन पानांवर 'रद्द', 'मिळाले' आणि 'खरी प्रत' असे शिक्के आहेत. ती पाने मी फाडली नाहीत. चौथ्या पानापासून लिहितो आहे.

कारण आज मी एक निर्णय घेतला, आणि तो लिहून ठेवला नाही तर उद्या मी तो मागे घेईन. मला माझी सवय माहीत आहे.

स्वयंपाकाच्या शाळेत जायचे. पहिले सहा आठवडे चाचणीचे. त्यात टिकलो तर पुढे वर्षभराचा अभ्यासक्रम. बारा जणांना घेतात, पुढे किती ठेवायचे ते शाळा ठरवते. माझे वय बावीस, शिक्षण अकरावी अर्धी. चालते म्हणाले. अर्जात 'पूर्वानुभव' असा रकाना आहे. एकाही हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी आजवर पाऊल ठेवलेले नाही, जेवायलासुद्धा फारसा गेलेलो नाही. तो रकाना चार दिवस कोरा होता. आज लिहिले : 'घरचा स्वयंपाक. तीन वर्षे. माणसे दोन.' यात खोटे काही नाही.

दुपारी ताई आणि भावोजी आले होते. भावोजींना अर्ज दाखवला.

"स्वयंपाक शिकायला शाळा?" ते म्हणाले. "अरे, एखाद्या हॉटेलात लाग. चार महिने भांडी घास, चार महिने कांदे चीर, आपोआप येतं. शाळेत जाऊन कुणी पोहायला शिकलंय का?"

"मी शाळेतच शिकले पोहायला," ताई म्हणाली.

भावोजी पाणी प्यायले.

त्यांचे अगदीच चूक आहे असेही नाही. पण कुणी ओरडून सांगितले की माझे हात थिजतात, आणि ओरडून सांगितलेले लिहूनही घेता येत नाही. शाळेत फळा असतो. आधी हे, मग हे, आणि हे असे का, हे कुणीतरी क्रमाने सांगावे असे मला वाटते. त्यातले 'का' सांगायला हॉटेलात कुणाला वेळ असेल?

बाबा एवढा वेळ खुर्चीत डोळे मिटून होते. म्हणाले, "जाऊ दे त्याला. त्या दुकानात बसून बसून तो वर्तमानपत्रसुद्धा उजवीकडून वाचायला लागलाय."

१२ फेब्रुवारी, बुधवार

मालकांना सांगितले. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि विचारले, "माझ्याकडे काय कमी पडलं तुला?"

मी म्हटले, काहीच नाही. पण शिक्क्याची उलटी अक्षरे लावताना माझ्या डोक्यात संध्याकाळची भाजी शिजत असते.

"ते माझंही होतं," मालक म्हणाले. "पण मला भूक लागलेली असते."

एप्रिलच्या मध्यापर्यंत माझी जागा ठेवणार आहेत. त्यानंतर दुसरा माणूस. तुझ्यासारखा ऱ्हस्व-दीर्घ बघणारा मिळायचा नाही, असेही म्हणाले. ते ऐकून बरे वाटले आणि परत येऊन राहावे असेही वाटले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

३ मार्च, सोमवार

पहिला दिवस. मोठी खोली, स्टीलची लांब टेबले, बारा शेगड्या, जमिनीला उतार आणि पाणी वाहून जायला जाळ्या. वर धुराडे सारखे घुमत असते, त्यामुळे सगळे मोठ्याने बोलतात. फक्त शेफ हळू बोलतात. बुटके आहेत, ॲप्रन इतका कडक इस्त्रीचा की तो आधी येतो आणि ते मागून येतात. ते बोलायला लागले की सगळे पुढे वाकतात. माझी अर्धी भीती तिथेच गेली.

"हॉटेलात काम केलेलं कोण कोण आहे?" त्यांनी विचारले. नऊ हात वर झाले.

माझ्या डावीकडच्या माणसाने नऊ वर्षे काढली आहेत. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. त्याने माझ्याकडे बघत बघत कांदा चिरला. मी कांद्याकडे बघत बघत चिरला तरी माझे तुकडे एकमेकांचे नातेवाईक वाटत नव्हते. उजवीकडे एक बाई, पन्नाशीच्या पुढच्या. तीस वर्षे रुग्णालयात नर्स होत्या. त्यांना सगळे नर्सबाई म्हणतात, शेफसुद्धा.

हात वर न केलेल्या आम्हा तिघांना शेफ म्हणाले, "तुमचं सोपं आहे. ह्यांना आधी विसरावं लागेल, मग शिकावं लागेल. तुम्हाला विसरायला काही नाही."

घरी येऊन बाबांना हे सांगितले.

"म्हणजे तू कोरा आहेस असा दाखला मिळाला," बाबा म्हणाले.

मग भाजी आणि भात केला. बाबांना झटका आला त्याला तीन वर्षे झाली, तेव्हापासून डॉक्टरांनी मीठ बंद केले आहे. त्याच वर्षी ताईचे लग्न झाले आणि स्वयंपाकघर माझ्याकडे आले. आई तर मी सहावीत असतानाच गेली. लिंबू, मिरी, लसूण आणि ताजा हिरवा पाला यांवर मी भागवतो. दोघांचे एकाच भांड्यात. दोन माणसांना दोन भांडी कशाला करायची?

६ मार्च, गुरुवार

भाज्यांचे सूप. कागदावर सगळे ग्रॅममध्ये दिले आहे : कांदा ४००, गाजर २००, पाणी पाच लिटर, मंद आच, एक तास. आणि सगळ्यात खाली, 'मीठ, चविनुसार'.

पहिली गोष्ट म्हणजे 'वी' दीर्घ हवी. ती पेन्सिलीने दुरुस्त केली. दुसरी गोष्ट, कुणाच्या चवीनुसार? जिथे मिरीचे दाणेसुद्धा मोजून दिले आहेत तिथे मिठाच्या बाबतीत असा मोघमपणा का?

शेफना विचारले. "तुझ्या," ते म्हणाले.

मी थोडे थोडे घातले, चाखले, पुन्हा घातले. गाजराची गोडी, मिरीचा हलका झणका, सगळे नीट कळत होते. तिथे थांबलो. शेफनी चमचा तोंडात घातला, दुसरीकडे बघितले आणि म्हणाले, "अळणी."

८ मार्च, शनिवार

बटाट्याचे सूप. अळणी. ऑम्लेट. अळणी. पावाचे पीठ मी केलेच नाही, उस्तादबरोबर जोडीने केले, तरी माझ्याकडे बघूनच म्हणाले, "अळणी." ते मात्र उस्तादच विसरला होता.

११ मार्च, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत नर्सबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. आज त्यांनी माझ्या वाटीतले सूप चाखले होते.

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि बाबा."

"बाबांची तब्येत कशी आहे?"

मी झटक्याचे सांगितले. गोळ्यांची नावेही सांगितली, मला पाठ आहेत.

"मीठ बंद असेल."

"तीन वर्षं झाली."

"आणि तुझं?"

"मी ठणठणीत आहे," मी म्हटले.

त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या, तापमापकाकडे बघावे तशा. मग डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. भाजलेले बटाटे, उकडलेली अंडी आणि खारे दाणे. "अर्धं तुझं. रोज. नाही म्हणायचं नाही, मी 'नाही' ऐकत नसते."

घरी त्यांचे कुणी नसावे. माणसांना भरवायची सवय अशी एकदम सुटत नाही. मी खाल्ले. त्यांचा हात मात्र फार खारट आहे. पण सांगणार कसे?

१४ मार्च, शुक्रवार

अळणी. आज दोन वेळा.

१७ मार्च, सोमवार

आज मार्ग सापडला, आणि तो इतका सरळ आहे की आधी का सुचला नाही याचे वाईट वाटते.

माझे सूप चाखून झाल्यावर शेफ माझ्याच मिठाच्या वाटीतून चिमटीचिमटीने मीठ घेतात, पातेल्यात टाकतात, ढवळतात, चाखतात आणि 'आता बघ' म्हणतात. आज मी वाटी आधी मोजून ठेवली होती. बरोबर शंभर ग्रॅम. ते पुढच्या टेबलाकडे वळताच पुन्हा काट्यावर ठेवली. एकोणऐंशी. सूप साडेतीन लिटर, त्यात माझे साडेदहा ग्रॅम आधीच होते; उरलेले गणित सोपे होते.

सूप : दर लिटरला नऊ ग्रॅम. कुस्करलेला बटाटा : दर किलोला बारा. बाकीचे या आठवड्यात मोजेन.

मला स्वतःला सूप तीन ग्रॅमलाच बरोबर लागते. शेफ तीसेक वर्षे चुलीपुढे उभे आहेत. वाफेने आणि धुराने त्यांची जीभ थकली असणार, त्यांचा त्यात दोष नाही. पण परीक्षा तेच घेणार आहेत, तेव्हा त्यांच्या जिभेचे मीठ घालणे हेच शहाणपणाचे. ही फसवणूक होते का, यावर अर्धे पान लिहिले होते. ते खोडले.

२२ मार्च, शनिवार

या आठवड्यात शेफ तीनदा 'बरोबर' म्हणाले. एकदा मान हलवली, ती मी अर्धी धरतो.

तक्ता आता पूर्ण पानभर झाला आहे. उस्तादने तो बघितला आणि म्हणाला, "हे मला दे, मी तुला कांदा शिकवतो." आम्ही सौदा केला. कांद्याचे गुपित चिरण्यात नसून डाव्या हाताच्या बोटांत आहे. ती आत वळवून ठेवायची आणि सुरीने बोटांच्या सांध्याला टेकून चालायचे. नऊ वर्षांत त्याला हे कुणी सांगितले नव्हते, बोट तीनदा कापल्यावर त्याचे त्यालाच कळले.

चाखणे मी बंद केले आहे. चाखले की खारट लागते, मग हात मागे येतो आणि तक्त्यावरचा विश्वास डळमळतो.

नर्सबाईंचा डबा चालू आहे. आज खारवलेले मासे होते. तीन पेले पाणी लागले. त्यांनी विचारले, "कसं झालंय?" मी म्हटले, छान. त्या हसल्या.

घरी बाबा म्हणाले, "हल्ली तू शिट्टी वाजवतोस." मला माहीत नव्हते.

२९ मार्च, शनिवार

हे क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिलेच जाणार नाही.

आज शाळेच्या ऑफिसातल्या चौदा माणसांना आम्ही जेवायला बोलावले होते. चाचणीचा चौथा आठवडा संपला की असे जेवण असते. माझ्याकडे कोंबडीवर घालायचा रस्सा होता. भाजलेल्या हाडांचे पाणी काढायचे आणि ते आटवत आटवत घट्ट करायचे. पाणी आठ लिटर होते. तक्त्याप्रमाणे लिटरला नऊ, म्हणजे बहात्तर ग्रॅम मीठ मी सुरुवातीलाच मोजून घातले आणि मनातून ते काम मोकळे केले. मग तीन तास आटवले. आठाचे दोन लिटर झाले. रंग असा आला होता की उस्तादने दुसऱ्या टेबलावरून मान वर केली.

पाणी उडून जाते. मीठ उडून जात नाही. हे मला शाळेत सातवीत शिकवले होते, मिठागराचे चित्रसुद्धा होते.

ताटे बाहेर गेली. मग पाण्याचे रिकामे जग आत भरायला आले, एकामागून एक. हिशेब बघणाऱ्या बाईंनी स्वतः आत येऊन सांगितले, "रंग फार सुंदर आहे हं," आणि नळाखाली पेला धरला.

शेफनी पातेल्यात चमचा बुडवला, तोंडात घातला आणि बेसिनशी गेले. परत आले.

"चाखलं होतंस?"

"नाही, शेफ. मोजलं होतं."

"मोजलं म्हणजे?"

मी तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. खाली मी तारखाही घातल्या आहेत.

"हे काय आहे?"

"तुमचं मीठ, शेफ."

"म्हणजे दोन आठवडे मी माझाच स्वयंपाक चाखून 'बरोबर' म्हणतोय." हे ते इतके हळू म्हणाले की मला पुढे वाकावे लागले. "आणि तुझं मीठ कुठंय?"

मी म्हटले, मला तीन ग्रॅमला बरोबर लागते. त्यांनी विचारले, घरी काय जेवतोस. मी सांगितले. बाबांचे मीठ बंद, एकच भांडे, तीन वर्षे. सांगता सांगता माझे शेवटचे शब्द आपोआप हळू झाले, कारण ते काय ऐकत आहेत ते मलाही ऐकू यायला लागले होते.

नर्सबाई पाठमोऱ्या उभ्या राहून एकच कढई केव्हाची घासत होत्या.

"तुला विसरायला काही नाही म्हटलं होतं मी," शेफ म्हणाले. "चुकलो. ह्यांच्यापेक्षा तुला जास्त आहे." मग तक्ता घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. "बारा तारखेच्या परीक्षेला काटा कपाटात राहील. तोवर जीभ जाग्यावर आण. घरी मिठाचं जेवायला लाग. दोन आठवडे म्हणजे कमीच आहेत."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर नाही. ज्याला चव कळत नाही त्याला मी वर्षभर काय शिकवू?"

त्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

३० मार्च, रविवार

शेफची जीभ थकलेली नव्हती. माझी झोपलेली होती. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला.

घरी मिठाचे जेवायचे म्हणजे कसे? समोर बाबा बसणार, त्यांच्या ताटात अळणी, माझ्या ताटात मिठाचे, आणि वास दोघांना. तीन वर्षांत बाबांनी एकदाही मीठ मागितलेले नाही. मी त्यांच्यासमोर ते खाणार नाही.

शाळेतून येताना खाऊन यावे असे ठरवले. उकडलेले बटाटे, वर मीठ. आमच्या जिन्यात तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खिडकी आहे, तिथे बसता येते.

२ एप्रिल, बुधवार

पकडला गेलो.

बाबा चाळीस वर्षे लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टचा आवाज बदलला की त्यांना घरात बसवत नाही. आज ती अडखळली म्हणून ते कान देत जिना उतरत आले, आणि वळणावर मी बसलेलो, एका हातात बटाटा आणि दुसऱ्यात मिठाची पुडी.

"काय चाललंय?"

"बटाटा खातोय."

"ते दिसतंय. आपल्याला घर आहे. घरात टेबल आहे. त्याला खुर्च्यासुद्धा आहेत."

मी काहीतरी सांगायला गेलो, पण मला खोटे नीट जमत नाही, मध्येच व्याकरण सुधारावेसे वाटते. म्हणून सगळे खरे सांगितले. रस्सा, तक्ता, बारा तारीख. बाबा माझ्या शेजारी पायरीवर बसले, गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू.

"थांब," ते म्हणाले. "तू माझ्याबरोबर अळणी खातोस?"

"हो."

"रोज?"

"हो. एकाच भांड्यातलं तर असतं."

"मला वाटायचं, तू आत तुझ्या ताटावर मीठ घालून आणतोस." ते खिडकीबाहेर बघत होते. "म्हणून मी कधी तुझ्या ताटातलं मागितलं नाही. म्हटलं, पोरगा चोरून खातोय तर खाऊ दे, आपण कशाला बघा."

खाली लिफ्ट पुन्हा अडखळली.

"गाढवा," बाबा म्हणाले, "मी सोबत मागितली होती. तुला शिक्षा कुणी दिली?"

"तुमच्यासमोर मीठ कसं खाणार?"

"माझ्यासमोर लोकांनी लिफ्टमध्ये अडकून देवाला हाका मारल्यात. तू मीठ खाल्लेलं बघवणार नाही मला?" आणि मग, जरा वेळाने, "पहिले सहा महिने जड गेले. आता मला गाजर साखरेसारखं लागतं. परवा ताईकडे चुकून तिच्या ताटातला घास घेतला तर थुंकावासा वाटला. तिला सांगू नकोस."

रात्रीच्या जेवणाला टेबलावर मिठाची बाटली ठेवली. बाबांनीच शेजारच्या काकूंकडून आणली. आमच्याकडे नव्हतीच. मी ताटावर मीठ भुरभुरले तेव्हा ते हनुवटीखाली हात घेऊन बघत बसले.

"बघू तरी दे," म्हणाले, "मीठ खाणारा माणूस दिसतो कसा."

मला हसू आले आणि घास घशात अडकला. त्यांनी पाठीवर थोपटले, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ.

७ एप्रिल, सोमवार

नर्सबाईंच्या डब्यात हल्ली मीठ कमी असते. आज तर अंडी अगदी बेताची होती. वयाप्रमाणे त्यांनीही जपायला सुरुवात केली असेल, चांगलेच आहे. मी तसे म्हटले तर त्या म्हणाल्या, "मी तर तेवढंच घालते रे, पहिल्या दिवसापासून." मोठी माणसे अशा गोष्टी कबूल करत नाहीत. मग त्यांनी त्यांच्या डायरीत काहीतरी टिपले, नर्स लोक टिपतात तसे, वेळ घालून.

घरी वेगळीच अडचण आली आहे. बाबांसाठी केलेले मला आता काही लागतच नाही. चाखतो, पण कागद चघळल्यासारखे वाटते. आधी मला त्यातली लसणीची एक पाकळी कमी-जास्त झालेली कळायची. काल लिंबू जास्त पडले, बाबा खाऊन झाल्यावर म्हणाले, "आज आंबट होतं का जरा?" माझ्या लक्षातच आले नव्हते. एक जीभ आणायला गेलो आणि एक घालवून बसलो. शाळेत टिकलो तर पुढचे वर्षभर बाबा काय जेवणार, हा विचार सोडत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

परीक्षा झाली.

काटे कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली शेफच्या खिशात. मला देऊन देऊन पुन्हा तेच : कोंबडी आणि रस्सा, बरोबर कुस्करलेला बटाटा. वेळ तीन तास.

रस्सा निम्मा होईपर्यंत मी मिठाच्या वाटीकडे बघितले नाही. वाटीवर पालथी ताटली घालून ठेवली होती. मग चाखत गेलो. पहिल्यांदा हाडांचा स्वाद आला, भाजल्याचा. पण तो लांबून कुणी बोलत असावे तसा होता. चिमूटभर घातले. थोडा जवळ आला. अजून चिमूट. मग एका क्षणी कांदा कांदा झाला आणि हाड हाड झाले, सगळे एका खोलीत आले. अजून घालावेसे वाटले नाही. हे कसे लिहावे मला कळत नाही, पण ते 'बरोबर' होते आणि ते मला कुणी सांगितलेले नव्हते.

मी हात पुसत होतो तेवढ्यात नर्सबाईंनी माझी बाही ओढली. सकाळपासून त्यांचे नाक लाल होते. सर्दीने आवाज बसला होता.

"मला काही म्हणजे काही लागत नाहीये," त्या म्हणाल्या. "हे बघ जरा." आणि चमचा पुढे केला.

मी शेफकडे बघितले.

"चाखायला देणं ही चोरी नाही," शेफ म्हणाले. "न चाखता वाढणं ही चोरी."

पलीकडून उस्ताद म्हणाला, "बाई, दुसरं कुणी नाही का मिळालं? ह्याच्या हातात दिलंत तर वॉर्डातलं जेवण होईल."

"तू तुझा पाव बघ," नर्सबाई म्हणाल्या. चमचा त्यांनी हलवला नाही.

मी घाबरलो हे लिहायला हवे. माझे चुकले तर मी दुकानात परत जाणार होतो, तिथे मालकांनी जागा ठेवली आहे. त्यांचे चुकले तर त्यांना ठेवलेली जागा कुठेच नव्हती, आणि ती चूक माझ्या तोंडातून होणार होती. मी चमचा घेतला. मशरूमचे सूप होते.

"लागेल अजून," मी म्हटले.

त्यांनी घातले. मी चाखले.

"अजून थोडं."

"नक्की?" त्यांनी तीस वर्षे डॉक्टरांना विचारले असेल तशा आवाजात विचारले.

"नक्की."

त्यांनी चिमटी सोडली, ढवळले, चमचा दिला. मी डोळे मिटले. मशरूम आले, मग लोणी आले, मग मिरी, आणि सगळे थांबले.

"आता नको."

त्यांनी पुन्हा विचारले नाही. पातेले उचलले आणि नेऊन शेफच्या पुढे ठेवले.

शेफ बारा ठिकाणी फिरले. प्रत्येक ठिकाणी एक चमचा, मग पाण्याचा घोट, मग कागदावर काहीतरी. माझ्या रश्श्याचे त्यांनी दोन चमचे घेतले. दुसरा चमचा कशासाठी, ते मला कळले नाही. विचारायचे धाडस झाले नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

यादी दारावर लावली होती. बारांपैकी आठ नावे. नर्सबाई दुसऱ्या, उस्ताद चौथा, मी सहावा. तीनदा वाचले, मग बाजूला होऊन दुसऱ्यांना जागा दिली, मग परत येऊन वाचले.

नर्सबाई मागे उभ्या होत्या. "उद्यापासून डबा तू आणायचा," त्या म्हणाल्या. "दोघांचा. मी थकले."

मालकांकडे जाऊन सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे गेलास." मग दुकानाचा सगळ्यात लहान शिक्का, माझ्याच हातचा, 'मंजूर' लिहिलेला, शाईच्या गादीवर दाबून माझ्या मनगटावर उमटवला. तो बसमध्ये सगळ्यांना दिसत होता. मी बाही खाली केली नाही.

घरी बाबांना सांगितले.

"आठात सहावा," ते म्हणाले. "म्हणजे खालून तिसरा."

"हो."

"बरंय. पहिला आला असतास तर अंगावर आलं असतं." आणि त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

मग मी त्यांना ती दुसरी गोष्ट सांगितली. त्यांच्या जेवणाची चव आता मला कळत नाही. मी रोज अंदाजाने करतो आहे, आणि हे मी आठवडाभर सांगितले नव्हते. वाटले होते ते म्हणतील, चालतंय रे. ते उठले. आई गेल्यापासून बाबा स्वयंपाकघरात पाणी प्यायला सोडून कशालाही आलेले नाहीत. दारात उभे राहून त्यांनी चुलीकडे बघितले, बंद पडलेल्या लिफ्टकडे बघायचे तसे.

"चमचे कुठे असतात आपल्याकडे?"

मी खण दाखवला. त्यांनी मोठा चमचा काढला, गाजराच्या भाजीत बुडवला आणि खूप वेळ फुंकर घातली. मिठाची बाटली माझ्या ताटाजवळ होती, तिच्याकडे त्यांनी बघितलेही नाही. चाखले. डोळे मिटले. मी पातेल्याचा दांडा धरून उभा होतो.

"मिरी आहे," ते म्हणाले. "लसूण आहे. लिंबू थोडं पिळ."

मी पिळले.

"हां. अजून दोन थेंब."

पिळले.

बाबांनी पुन्हा चाखले आणि चमचा तिसऱ्यांदा बुडवला.